अजून थोडे दिसते तेव्हा : दृष्टी गमावत चाललेल्या एका मुलीचे प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातील एका कोरडवाहू गावातल्या मुलीचे हे प्रकरण आहे. समावेशित शिक्षणाच्या कामात फिरती विशेष शिक्षिका म्हणून मी तिच्यासोबत जवळजवळ पावणेदोन वर्षे काम केले. तिचे खरे नाव आणि गावाचे नाव येथे देत नाही. या लेखापुरते तिला मैना म्हणू. तिच्या आणि तिच्या आईवडिलांच्या संमतीनेच हे लिहीत आहे. ज्या मुलाला अजिबात दिसत नाही त्याच्यासाठी काय करावे, याची थोडीफार कल्पना आपल्या शाळांना आणि पालकांना असते. पण ज्याची दृष्टी हळूहळू जात आहे आणि ज्याला अजून ‘थोडे दिसते’, त्याची सर्वांत अवघड वर्षे कोणाच्याच नजरेस न येता निघून जातात. मैनाची ती वर्षे लपवण्यात गेली, आणि त्या लपवण्याने तिला जेवढे दमवले तेवढे मला वाटते आजारानेही दमवले नसेल.

नववीचे वर्ग सुरू होऊन दोन महिने झाले होते. त्या शाळेत मी दुसऱ्याच एका मुलाच्या कामासाठी गेले होते आणि व्हरांड्यात मुख्याध्यापकांची वाट पाहत उभी होते. मधली सुट्टी संपली, मुली उन्हातून पळत वर्गात शिरल्या आणि एक मुलगी दाराशी थांबली. तिने डावा हात चौकटीवर ठेवला, सँडलच्या टोकाने उंबरठा चाचपला, मग खाली वाकून सँडलचा पट्टा उगाचच सोडला, लावला, पुन्हा सोडला. मागून एक मैत्रीण आली तेव्हा हिने हसत तिच्या ओढणीचे टोक धरले आणि बोलत बोलत तिच्या मागोमाग आत गेली. पाहणाऱ्याला ती रेंगाळते आहे असेच वाटले असते. मला मात्र तो चाचपणारा पाय खटकला, कारण ज्याला उंबरठा दिसतो तो त्याला पायाने शोधत नाही.

तिच्या वर्गशिक्षकांचे मत असे होते की मुलगी अभ्यासात बरी आहे, परंतु धांदरट आहे, खेळात भाग घेत नाही आणि खूण करून बोलावले तरी दुर्लक्ष करते. शालेय आरोग्य तपासणीत तिने अक्षरांचा तक्ता खालून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचला होता, म्हणून तिच्या नावापुढे ‘दृष्टी योग्य’ अशी नोंद होती. ती नोंद खोटी नव्हती, पण तक्ता फक्त समोरचे दिसते की नाही एवढेच सांगतो. मी तिला माझ्या नाकाकडे पाहायला सांगितले आणि दोन्ही बाजूंनी बोटे हलवत हळूहळू पुढे आणली. साधारण माणसाला बाजूची बोटे कानाच्या जवळपास असतानाच जाणवतात. तिला ती माझ्या गालांशी येईपर्यंत दिसली नाहीत. तपासणी संपल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: “घरी सांगसान का, मॅडम?”

मग मागचा सगळा उलगडा होत गेला. मानव विकास कार्यक्रमातून आठवीत तिला सायकल मिळाली होती, कारण शाळा शेजारच्या गावात, ३ किलोमीटरवर आहे. त्या वर्षी ती चार वेळा पडली. एकदा बाजूच्या पांदणीतून रस्त्यावर येणाऱ्या बैलबंडीच्या चाकावर जाऊन आदळली. दर वेळी घरी सांगितले गेले की चेन उतरली. पुढे तिने सायकल लहान भावाला देऊन टाकली आणि पायी जाऊ लागली, तेव्हा घरच्यांना ते तिच्या मोठेपणाचे लक्षण वाटले. दिवेलागणीनंतर ती अंगणात येत नसे. लग्नाच्या पंगतीत वाढायला नाही म्हणे, म्हणून नात्यातल्या बायका तिला आळशी म्हणत. घरापासून शौचालयापर्यंतची पावले तिने मोजून ठेवली होती, आणि कोणी मधे बादली किंवा खाट ठेवली की ती विनाकारण चिडते असे आईला वाटे. आजीला एवढे कळले होते की पोरीला रातांधळेपणा आहे. म्हणून दोन वर्षे तिला पपई, गाजर आणि जमेल तेव्हा बकऱ्याची कलेजी खाऊ घातली जात होती. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारा रातांधळेपणा वेळेवर उपचार मिळाल्यास बरा होतो, त्यामुळे आजीचे अनुमान गैर नव्हते. तिच्या नातीचा आजार मात्र वेगळा होता.

नागपुरात पुढच्या तपासण्या झाल्या. डोळ्यांच्या पडद्यावर काळसर रंगद्रव्याचे जाळीदार डाग होते, रक्तवाहिन्या बारीक झाल्या होत्या, आणि पडद्याचा विद्युत आलेख जवळजवळ सपाट होता. निदान रेटिनायटिस पिगमेंटोसा. जगात साधारण ४,००० माणसांमागे एकाला हा आनुवंशिक आजार असतो. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात दृष्टिपटलावरच्या दंडाकार आणि शंक्वाकार पेशी मुले शिकतात. या आजारात बहुधा दंडाकार पेशी आधी मरू लागतात. मंद प्रकाशात आणि बाजूला पाहण्याचे काम त्यांचे असल्यामुळे आधी रात्र जाते, मग कडा जातात, आणि मधली दृष्टी शेवटी उरते. दृष्टीचे क्षेत्र मोजले तेव्हा मैनाच्या चांगल्या डोळ्याचेही क्षेत्र १० अंशांच्या आत आले. हात ताठ पुढे करून मूठ धरली तर ती मूठ साधारण १० अंश झाकते. तेवढ्याच गोलातून ही मुलगी फळा, रस्ता, बैल आणि माणसांचे चेहरे शोधत होती.

आजीने मला जे विचारले ते पुढे गावातल्या अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारले: “पोरीले अक्षर दिसते, सुई ओवता येते, मंग आंधळी कशी म्हन्ता?” हा प्रश्न प्रामाणिक आहे. वाचणारी मुलगी समोर ठेवलेल्या तांब्याला ठोकर मारते तेव्हा लोकांना ते नाटक वाटते. कागदाच्या सुरळीची युक्ती मला त्याच दिवशी सुचली. आजीने एक डोळा मिटला, वर्तमानपत्राची बारीक सुरळी दुसऱ्या डोळ्याला लावून ओसरीवरून अंगणात पाहिले आणि दोन पावले टाकून थांबली. त्यानंतर त्या घरात कोणी मैनाला धांदरट म्हटल्याचे मी ऐकले नाही.

खर्चाचे आणि भोंदूपणाचे थोडक्यात सांगते. निदानानंतरच्या तीन महिन्यांत घरच्यांनी तुरीचे पैसे दोन ठिकाणी घालवले: एकदा डोळ्यांत टाकायच्या हिरव्या थेंबांसाठी आणि एकदा ‘नस मोकळी करणाऱ्या’ मालिशीसाठी. मी त्यांना दोष देत नाही. डॉक्टरांनी “यावर काही करता येत नाही” असे म्हणून त्यांना बाहेर पाठवले होते, आणि ज्याला असे सांगितले जाते तो जो कोणी ‘करता येते’ म्हणेल त्याच्याकडे जातो. या आजाराच्या बहुतेक प्रकारांवर आज उपाय नाही. २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली जनुकीय उपचारपद्धती एकाच विशिष्ट जनुकातील दोषासाठी आहे. हे स्पष्ट सांगावे, आणि त्याच बैठकीत पुढे काय काय करता येते तेही सांगावे. उपचार नाही याचा अर्थ करण्यासारखे काही नाही असा होत नाही, हे वाक्य त्या दालनात कोणीतरी उच्चारले असते तर तुरीचे पैसे घरात राहिले असते.

आनुवंशिकतेचा भाग सर्वांत नाजूक होता. मैनाची आई ही तिच्या आजीची भाची; म्हणजे आजी एकाच वेळी सुनेची सासूही आणि आत्याही. आपल्याकडे हे नाते चांगले मानले जाते, घरातली मुलगी घरातच येते, परकेपणा राहत नाही. समुपदेशकांनी समजावले की दोन्ही पालक स्वतः निरोगी असूनही दोषाची एकेक प्रत वाहत असू शकतात, नात्यात लग्न झाल्यास दोघांत तोच दोष असण्याची शक्यता वाढते, आणि दोघांत तोच दोष असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. आईने इतकेच विचारले की लहान्याचे काय. त्याची तपासणी झाली आणि त्याच्यात लक्षणे आढळली नाहीत. आजी मात्र परतीच्या एसटीत एक शब्द बोलली नाही. आठवड्याने मी घरी गेले तेव्हा ती तूर पाखडत होती, सूप थांबवून म्हणाली, “सोयरीक मीनंच जुळवली होती.” मी तिला सांगितले की दोष कोणात आहे हे तेव्हा कोणालाच कळण्याजोगे नव्हते. तिला ते पटले की नाही सांगता येत नाही. पण त्या घरात सून सासूला बोलली नाही आणि सासू सुनेला बोलली नाही, हे मी मुद्दाम नोंदवते, कारण अशा निदानानंतर मुलीच्या आईला दूषणे देऊन माहेरी पाठवल्याची घरेही मी पाहिली आहेत.

मैनाला निदान सांगायचे की नाही यावर घरात मतभेद होते. वडिलांचे म्हणणे होते की दहावी होईपर्यंत थांबावे. परंतु तिला आधीपासूनच माहीत होते; फक्त नाव माहीत नव्हते. आईच्या समोर, तिच्याच अंगणात, मी तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, “किती दिवस?” वेग प्रत्येकात वेगळा असतो, वर्ष सांगता येत नाही, एवढेच खरे उत्तर होते आणि तेच मी दिले. दिवाळीनंतर शाळा उघडली आणि ती गेली नाही. १९ दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

त्या दिवसांत समजूत घालायला पुष्कळ जण आले. नात्यातल्या एका आजोबांनी तिला गुलाबराव महाराजांचे उदाहरण दिले. अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळी येथे १८८१ साली जन्मलेल्या महाराजांची दृष्टी वयाच्या नवव्या महिन्यात गेली, आणि तरीही ३४ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभरावर ग्रंथ रचले. वऱ्हाडात प्रज्ञाचक्षू म्हटले की दुसरे नाव आठवत नाही. आजोबांचा हेतू चांगला होता. मैना भिंतीकडेच पाहत म्हणाली, “महाराजाले दिसन्याची आठवनच नव्हती. मले हाये.” मला वाटते, या संपूर्ण प्रकरणातले सर्वांत नेमके वाक्य हेच आहे. दृष्टी नसणे आणि दृष्टी जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाणाऱ्या गोष्टीचा शोक करावा लागतो. तो शोक चालू असताना थोरांची उदाहरणे दिली की मुलाला आपले दुःखसुद्धा कमी प्रतीचे वाटू लागते. तिच्या आईने काही न बोलता केलेले काम अधिक उपयोगी ठरले. ती रोज दुपारी तिच्या शेजारी येऊन पडायची.

आईच्या मनात एक भीती होती आणि ती तिने मला विहिरीवर पाणी शेंदताना सांगितली. आमच्या भागात ही भीती कोणाला समजावून सांगावी लागत नाही. फवारणीच्या औषधाचे डबे त्याच दिवशी घरातून काढून चुलत्याच्या कुलूपबंद खोलीत ठेवले गेले. मी मैनाला सरळ विचारले की मरावेसे वाटते का. असे विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार येतो हा समज चुकीचा आहे. विचारल्यावर ती कितीतरी वेळ रडली आणि म्हणाली की मरावेसे नाही वाटत, पण सकाळी उठावेसेही वाटत नाही. तिला आम्ही मानसोपचार विभागात दाखवले, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आईच्या फोनमध्ये पहिल्याच जागी साठवून दिला.

यानंतर माझ्या हातून एक चूक झाली. ती शाळेत परतली त्याच आठवड्यात मी उत्साहाने पांढरी काठी घेऊन गेले आणि वर्गासमोर ती तिच्या हातात दिली. माझ्या मनात होते की सगळ्यांना एकदाच समजावे. तिच्या मनात काय झाले असेल याचा मी विचार केला नाही. संध्याकाळी काठी शाळेमागच्या नाल्यात सापडली आणि पुढचे पंधरा दिवस ती माझ्याशी एका शब्दापलीकडे बोलली नाही.

वाट निघाली ती तिच्याच घरात. एका संध्याकाळी मी त्यांच्या ओसरीवर बसले असताना वीज गेली आणि मैना शौचालयाकडे निघाली. जाताना तिने कुडाला टेकवून ठेवलेली एक तुराटी उचलली आणि जमिनीला जेमतेम टेकवत, डावी-उजवीकडे हलवत गेली. परत आल्यावर मी विचारले, ही कशाला? “कुत्रे येतात म्हून,” ती म्हणाली. तुरीची ती वाळकी काडी पुढच्या टोकाला झिजून गुळगुळीत झाली होती. तिला कोणीही शिकवले नव्हते. दोन वर्षे ती स्वतःच्या काठीने चालत होती आणि ती काठी कुत्र्यांसाठी आहे असे सगळ्यांना सांगत होती. मी फक्त एवढे म्हटले की तुराटी वजनाला चांगली आहे, पण लांबी कमी पडते. काठी छातीच्या मधल्या हाडापर्यंत यायला हवी, म्हणजे खड्डा पायाच्या दोन पावले आधी कळतो. आणि उजवा पाय पुढे जातो तेव्हा काठीचे टोक डावीकडे असावे. तिने नवी तुराटी मापून घेतली. पांढरी काठी तिने स्वतः मागितली ती तीन महिन्यांनी, आणि आधी फक्त रात्रीसाठी.

ब्रेलबाबत विरोध घरापेक्षा शाळेतून अधिक झाला. मुलगी छापील पुस्तक वाचते, मग ठिपके कशाला, हा प्रश्न माझ्या काही सहकाऱ्यांनीही विचारला. माझे मत याउलट आहे आणि ते या प्रकरणाने पक्के झाले. डोळ्यांना अजून वाचता येते तेव्हाच बोटांना शिकवावे. पूर्ण अंधार झाल्यावर शिकायला बसणारे मूल एकाच वेळी शोकही करत असते आणि बाराखडीही गिरवत असते. शिवाय मैनाची बोटे तयार होती. डिसेंबरच्या वेचणीत मी तिला शेतात पाहिले: पांढऱ्या कापसावरचे ऊन तिच्या डोळ्यांना सोसत नसे, म्हणून ती मान खाली घालून हातानेच पऱ्हाटी चाळत होती. मिटलेले बोंड गार आणि टणक लागते, उमललेल्याच्या वाळक्या टोकांनी बोट टोचते. ती तीन बोटांत कापूस धरून पालापाचोळा न लागू देता एका झटक्यात काढत होती. संध्याकाळच्या वजनात तिचे गाठोडे आईच्या गाठोड्याच्या फार मागे नव्हते.

ब्रेलचे एक घर म्हणजे सहा ठिपके, त्यांच्या ६३ रचना होतात, आणि १९५१ पासून भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही समान पद्धत आहे. तिने पहिल्या आठवड्यात ‘आई’ हा शब्द घेतला. तो दोन घरांत बसतो: आ म्हणजे ३, ४, ५ हे ठिपके आणि ई म्हणजे ३ आणि ५. दोन्हींत फरक फक्त एका ठिपक्याचा, आणि तो चौथा ठिपका तिच्या बोटाला नऊ दिवस सापडला नाही. ती चोरून डोळ्यांनी पाहायची, म्हणून आम्ही वीज जाण्याच्या वेळी सराव ठेवला. डोळ्यांवर पट्टी बांधणे मला योग्य वाटले नाही. दहाव्या दिवशी तिने बोट कागदावरून परत मागे नेले आणि म्हणाली, “हा वरचा टुक्का आत्ता लागला.”

शाळेत केलेले बदल लहान होते, पण त्यातला एक सांगण्यासारखा आहे. शिक्षकांनी काळजीने तिला पहिल्या बाकावर बसवले होते. ज्याचे दृष्टिक्षेत्र अरुंद असते त्याला जवळून फळ्याचा तुकडाच दिसतो. मागे सरकले की त्याच गोलात अधिक फळा मावतो. तिसऱ्या बाकावर गेल्यावर तिचे उतरवून घेणे सुधारले. पायऱ्यांच्या कडांना पिवळा रंग दिला, दार अर्धवट उघडे ठेवायचे नाही असा नियम वर्गातल्या मुलींनीच केला, आणि वाचताना ओळ सुटू नये म्हणून काळ्या कार्डाला खाच पाडून दिली. फोनवरचे टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय, ती चार दिवसांत शिकली. त्यात माझा हातभार फारसा नाही.

दिव्यांग प्रमाणपत्राचा अनुभव मात्र त्रासदायक होता. पहिल्या खेपेला केवळ अक्षरतक्ता वाचून घेऊन तिला अपात्र ठरवले गेले. कायद्यानुसार, चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असणे (साधारण माणसाला ६० मीटरवरून दिसणारे ३ मीटरवरूनही न दिसणे) हा अंधत्वाचा जसा निकष आहे, तसाच दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असणे हाही आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा हे स्वच्छ सांगतो. दुसऱ्या खेपेला क्षेत्रमापनाचा अहवाल आणि त्या तरतुदीची प्रत घेऊन वडील गेले, दिवसभर बसले, आणि काम झाले. तक्ता वाचणाऱ्या अशा मुलांच्या पालकांनी क्षेत्रमापनाचा अहवाल घेतल्याशिवाय प्रमाणपत्राच्या शिबिराला जाऊच नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

दहावीच्या परीक्षेसाठी शाळेमार्फत अमरावती विभागीय मंडळाकडे अर्ज करायचा होता. लेखनिक मिळतो आणि ताशी २० मिनिटे जादा वेळ मिळतो. मी दोन्ही घ्यावे म्हणत होते, कारण ती एक पान वाचायला इतरांच्या दुप्पट वेळ घेत होती. तिने फक्त जादा वेळ मागितला. मी दोनदा समजावले, गुण कमी होतील हेही सांगितले. ती म्हणाली, “पुढं त कोणी लिहून द्याले लागनच, मॅडम. यंदा मीच लिहितो.” मी अर्जावर तसेच लिहिले. तिला ५८ टक्के मिळाले. लेखनिक घेतला असता तर अधिक मिळाले असते असे मला आजही वाटते, आणि तिचा निर्णय तिचाच होता असेही वाटते.

पहिल्या पेपरला मी केंद्रावर होते. मार्चचे ऊन होते आणि आतला वर्ग अंधारा होता. मैना दाराशी थांबली, चौकटीवर हात ठेवला आणि पर्यवेक्षिकेला म्हणाली की उन्हातून आल्यावर मला दोन मिनिटे दिसत नाही, मी थांबते. सँडलचा पट्टा तिने सोडला नाही. मागच्या मुली तिच्या बाजूने आत गेल्या.

सध्या ती तालुक्याच्या ठिकाणी अकरावीत, कला शाखेत आहे आणि सवलतीच्या पासवर एसटीने जाते. सगळे सुरळीत आहे असे म्हणता येणार नाही. मधल्या दृष्टीतही आता धूसरपणा येऊ लागला आहे, अधूनमधून ती दोन-दोन दिवस बोलत नाही, आणि नात्यातून स्थळांची कुजबुज सुरू झाली की आईच्या पोटात गोळा येतो. आजीने एक गोष्ट ठरवून टाकली आहे की पोरीला विचारल्याशिवाय आणि डोळ्यांचे सांगितल्याशिवाय कोणाला घरात घ्यायचे नाही, आणि नात्यात तर नाहीच. मागच्या महिन्यात मैनाचा मला फोन आला होता. तिची उंची वाढली आहे. आधीची काठी आता छातीच्या हाडापर्यंत पोचत नाही, तेव्हा येताना चार बोटे लांब काठी आणावी, असा निरोप होता.